बँकॉकच्या ऑपरेशननंतर घरी कधी आणि कसं यायचं?

प्रश्न थोडक्यात असा: धाकटी बहीण ट्रान्स स्त्री आहे, नोकरी पुण्यात, घर सांगलीला. बँकॉकला व्हजायनोप्लास्टी (योनीमार्ग तयार करण्याचं ऑपरेशन) ठरली आहे आणि मोठी बहीण सोबत जाणार आहे. रजा तुटपुंजी, म्हणून ऑपरेशननंतर पंधराव्या दिवशी परतायचा विचार आहे. विमानात बसणं झेपेल का, वाटेत काय सांभाळायचं आणि घरी काय तयारी करून ठेवायची?

ताई, पहिलं तिकिटाचं बोलू. पंधराव्या दिवसाचं तिकीट काढू नका. प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर म्हणून माझी बरीच वर्षं गेली, आता घरोघरी जाऊन ड्रेसिंग, लघवीची नळी, डायलेशन (नवी वाट आकसू नये म्हणून डायलेटर नावाची कांडी आत घालून ठेवणं) हे सगळं बघते. म्हणजे ऑपरेशन मी करत नाही, परत आलेल्या मुली बघते. त्यात ज्यांचे हाल होतात, त्यातल्या बहुतेक जणी लवकर निघालेल्या असतात.

या ऑपरेशननंतर पहिले पाच ते सात दिवस आत पॅकिंग (आत भरून ठेवलेलं ड्रेसिंग) असतं, लघवीला नळी असते आणि बराचसा वेळ पडूनच जातो. पॅकिंग निघालं की डायलेशन शिकवतात. नळी निघाल्यावर लघवी आपली आपण होते का, हे बघायला आणखी दिवस जातात. म्हणजे पंधराव्या दिवशी ती जेमतेम उठून फिरायला लागलेली असते, आणि मागच्या बाजूचे टाके थोडे उसवायचे असले तर ते साधारण याच सुमारास उसवतात. थायलंडमधले बहुतेक सर्जन या ऑपरेशनसाठी तीन ते चार आठवडे मुक्काम सांगतात, तो हॉटेलवाल्यांच्या भल्यासाठी नाही. तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. व्हिसाची मुदतही सर्जनने सांगितलेल्या मुक्कामापेक्षा जास्त दिवस पुरेल अशी बघा. शेवटच्या आठवड्यात ताप आला तर इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहायची वेळ येऊ नये.

निघण्याआधी माझ्या मते इतकं तरी जमलेलं हवं: नळी काढल्यावर निदान दोन-तीन दिवस लघवी अडथळा न येता होते आहे, डायलेशन ती कोणाच्या मदतीशिवाय करते आहे, ताजं रक्त येत नाही, ताप नाही, आणि खुर्चीत तासभर बसणं जमतं आहे. हॉटेलात हे करून बघा. घड्याळ लावून खरंच तासभर बसवा. चाळीस मिनिटांत ती रडकुंडीला आली, तर विमानात काय होईल ते वेगळं सांगायला नको.

आता विमानाचं. सगळ्यांना भीती असते ती विमानाची: हवेचा दाब, टाके फुटतील का वगैरे. तीन-चार आठवड्यांच्या जखमेला केबिनमधल्या दाबाने काही होत नाही. खरा धोका बसून राहण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रवास आणि रक्ताच्या गाठींवर अभ्यास करवून घेतला होता. त्याचा निष्कर्ष असा की चार तासांहून जास्त हालचाल न करता बसून प्रवास केला, तर पायाच्या शिरेत गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. हे विमानाला लागू आहे तसंच मोटार, बस आणि रेल्वेलाही. नुकतंच मोठं ऑपरेशन झालेलं, त्यात इस्ट्रोजेन (स्त्री हार्मोन) चालू असेल तर धोका आणखी वाढतो.

हिशोब करून बघा. बँकॉक ते मुंबई विमान साडेचार-पाच तासांचं. तिथून सांगली रस्त्याने पावणेचारशे किलोमीटरच्या पुढे. वाटेत घाट, रस्त्याची कामं आणि साताऱ्याच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी हमखास ट्रॅफिक. म्हणजे तुमच्या प्रवासात मोटार विमानापेक्षा जास्त वेळ खाणार आहे, आणि त्यात धक्केही. तरी घरचे लोक विमानाचीच चौकशी करतात आणि विमानतळावरून थेट गाडी ठरवून मोकळे होतात. माझ्याकडच्या एका मुलीचा थायलंडमधला सगळा मुक्काम निर्धोक गेला, आणि मुंबईहून गावी एका दमात गाडीने आल्यावर मागचा टाका उसवला. तो भरायला पुढे दीड महिना गेला.

म्हणून मुंबईत एक-दोन रात्री थांबा. नातेवाईक नकोसे वाटत असतील तर साधं हॉटेल घ्या, फक्त बाथरूममध्ये कमोड आहे ना ते आधी विचारा. मग पुढचा टप्पा आडवं पडून करता आला तर उत्तम. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री सीएसएमटीहून निघते आणि सकाळी सांगलीला पोचते. एसी डब्यात खालचा बर्थ मिळाला तर ती झोपून येऊ शकते, अधूनमधून उठून चार पावलं चालू शकते. फर्स्ट एसीचा कूपे मिळाला तर दाराला कडी असते, हा मोठा फायदा. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच असू द्या, टीसीशी वाद घालायची ती वेळ नाही. गाडीनेच यायचं असेल तर मागच्या सीटवर कुशीवर आडवं होता येईल अशी मोठी गाडी घ्या आणि दर तास-सव्वा तासाने गाडी थांबवून तिला पाच मिनिटं पायी चालू द्या.

विमानासाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा. सुवर्णभूमी विमानतळावर चालणं फार आहे, मुंबईतही कमी नाही. पायऱ्या चढता येत नसतील तर तसं स्पष्ट सांगा, कारण थोडं चालू शकणाऱ्यांची व्हीलचेअर आणि पायऱ्या न चढू शकणाऱ्यांची व्हीलचेअर यांची नोंद वेगळी होते. विमान बसने गाठायचं असेल तर हा फरक कळतो. नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर काही कंपन्या डॉक्टरांनी भरलेला मेडिफ नावाचा फॉर्म मागतात, तो क्लिनिककडून आधीच भरून घ्या. काउंटरवर ऐनवेळी नको. सीट कडेची, टॉयलेटजवळची.

दाबाचे मोजे क्लिनिकने दिले असतील तर मापाचेच वापरा. सकाळी उठल्या उठल्या, पाय सुजायच्या आत चढवा. वरची कड दुमडून घट्ट बसली तर उलट त्रास होतो. बसल्या जागी पंजे वर-खाली करत राहायचं म्हणजे पोटरी चालू राहते, आणि सीटबेल्टचा दिवा विझला की उठायचं. पाणी नेहमीसारखं प्यायचं. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी तोडणाऱ्या मुली मी बघते, तसं करू देऊ नका. दारू नाहीच. रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं किंवा गोळ्या घ्यायच्या की नाहीत, हे सर्जनला निघण्याआधी थेट विचारा. आपल्या मनाने ऍस्पिरिन सुरू करू नका.

बसायची उशी हा वादाचा विषय आहे. पुष्कळ क्लिनिक मधे भोक असलेली गोल उशी देतात. ती थोडा वेळ ठीक, पण तासन्‌तास तिच्यावर बसलं की मधला भाग खाली लोंबतो आणि सूज वाढते. मी मुलींना पाठ मागे टेकून, भार कधी डाव्या कुल्ल्यावर कधी उजव्या, असं बदलत बसायला सांगते.

डायलेटर हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात मुळीच नको. बॅग चुकून दुसऱ्या शहरात गेली आणि दोन दिवसांनी मिळाली, तर पहिल्या महिन्यात ते दोन दिवस महागात पडतात. पारदर्शक पिशवीत डायलेटर आणि सोबत क्लिनिकचं इंग्रजी पत्र ठेवा. सुरक्षा तपासणीत विचारलं तर पत्र दाखवायचं, ही वैद्यकीय वस्तू आहे म्हणायचं, बास. जेलची बाटली १०० मिलीपेक्षा मोठी असेल तर ती सामानात जाऊ दे, हातात छोटी ट्यूब. पॅड किंवा ड्रेसिंगमुळे स्कॅनर वाजू शकतो, तेव्हा आडोशाला तपासा असं मागायचा तिला हक्क आहे. पासपोर्टवर जुनं नाव, जुना फोटो असेल तर त्या पत्रात पासपोर्ट नंबर आणि दोन्ही नावं लिहून घ्या. वेदनेच्या कडक गोळ्या मूळ पाकिटात आणि प्रिस्क्रिप्शनसकट. ट्रामाडॉलसारखी औषधं थायलंडमध्ये आणि आपल्याकडेही नियंत्रित यादीत आहेत, सुट्या गोळ्या डबीत घालून आणू नका.

प्रवासाच्या दिवशी डायलेशन तीनदा बसणार नाही. हॉटेल सोडण्याआधी एकदा आणि मुंबईत खोलीवर पोचल्यावर एकदा, एवढं पुरे. एक वेळ चुकली म्हणून काही बंद होत नाही. विमानाच्या टॉयलेटमध्ये प्रयत्न करणारीही मला भेटली आहे. कृपा करून नको.

बँकॉक सोडण्याआधी कागदांचं बघा, कारण एकदा इथे आलात की ईमेलला उत्तर यायला वेळ लागतो. डिस्चार्ज समरी इंग्रजीत हवी आणि तिच्यात ऑपरेशनचा प्रकार लिहिलेला हवा: शिश्नाची त्वचा वापरली, वेगळी त्वचा लावली की आतड्याचा तुकडा घेतला. आतड्याचा घेतला असेल तर आतून चिकट पाणी कायमच येत राहतं. इथल्या डॉक्टरला ते माहीत नसेल तर तो इन्फेक्शन समजून अँटिबायोटिकचे कोर्स देत बसतो. प्रोस्टेट काढलेली नसते, हेही त्या कागदावर असावं. पुढे पन्नाशी-साठीत कुठल्या तरी डॉक्टरला ते कळायला हवं. औषधांची नावं कंपनीची नकोत, मूळ औषधाची हवीत, कारण थाई ब्रँड सांगलीच्या मेडिकलवाल्याला कळणार नाही. शिवाय रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीचा ऑपरेशन झाल्याचा दाखला वेगळा घ्या. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्यात कलम ७ खाली कागदोपत्री लिंगनोंद स्त्री अशी करून घेण्यासाठी असा दाखला सांगितला होता. प्रत्यक्ष अर्ज करताना नियम काय आहेत ते वकिलाकडून तपासून घ्या, पण दाखला हातात असलेला बरा.

आणि आणखी एक, जे सगळ्यात जास्त राहून जातं: इथला डॉक्टर जाण्याआधीच ठरवा. प्लास्टिक सर्जन किंवा यूरोलॉजिस्ट, मिरज-सांगलीत किंवा पुण्यात. आधी भेटून, ऑपरेशन सांगून, "काही झालं तर बघाल का?" असं विचारायचं. काही नाही म्हणतील. ते आत्ता कळलेलं बरं, रात्री दोन वाजता रक्त येत असताना नको. पैशाचाही विचार करून ठेवा: आपल्याकडच्या आरोग्य विम्यात लिंगबदलाचे उपचार बहुतेकदा वगळलेले असतात आणि प्रवास विमा सहसा ठरवून केलेल्या ऑपरेशनची गुंतागुंत भरत नाही. थोडी रक्कम बाजूला असू द्या.

आता घर. सर्वांत आधी कडी लागणारी खोली. पहिले तीन महिने दिवसातून साधारण तीन वेळा डायलेशन असतं, तयारी आणि धुणं धरून प्रत्येक वेळी पाऊण तास ते तास जातो. पुढे दोनदा, मग एकदा, आणि नंतर आठवड्यातून काही वेळा असं ते आयुष्यभर राहतं. नक्की वेळापत्रक तिच्या सर्जनचं पाळायचं. सुरुवातीच्या महिन्यांत ते सोडलं तर वाट आकसते आणि मग पुन्हा ऑपरेशनशिवाय इलाज नसतो. दोन खोल्यांच्या घरात, आजी आत झोपलेली, पोरं दार ढकलतायत, अशात हे होत नाही. वेळा भिंतीवर लिहा आणि त्या वेळेला त्या दाराशी कोणी जाणार नाही हे घरात सांगून टाका. कारण सांगायचं की नाही ते तिच्यावर सोडा. बघायला येणाऱ्या पाहुण्यांना "पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी भेटायला मनाई केलीय" एवढं पुरतं.

डायलेटरवर खोलीच्या खुणा असतात. बँकॉक सोडायच्या दिवशी कुठल्या मापाचा कितव्या खुणेपर्यंत जातो, ते वहीत लिहा. घरी दर आठवड्याला परत लिहा. खूण मागे सरकायला लागली तर लगेच क्लिनिकला कळवायचं, महिन्याने नाही. जोर लावायचा नाही. लघवी करून यायचं, पाठीवर झोपून गुडघे वर, भरपूर जेल, आणि तोंडाने सावकाश श्वास सोडत राहायचं. क्लिनिकची नर्स शिकवेल तेव्हा बहिणीची हरकत नसेल तर तुम्हीही खोलीत थांबा. वेदनेच्या गोळीच्या गुंगीत तिला निम्मं आठवत नाही.

जेलवरून एक. सांगलीत मेडिकलमध्ये नुसती "जेली द्या" म्हटलं तर पुष्कळदा लिग्नोकेनची ट्यूब हातात पडते. ती बधिर करणारी आहे. बधिर जागेत दुखण्याचा इशारा कळत नाही आणि आत इजा होते. सर्जनने लिहून दिली नसेल तर ती घेऊ नका, पाण्यात विरघळणारं साधं ल्युब्रिकंट जेल मागा. डायलेटर ऍक्रिलिकचा असेल तर साबण-कोमट पाण्याने धुवा, स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, त्याने बारीक तडे जातात. सिलिकॉनचा असेल तर सिलिकॉनवालं जेल वापरू नका.

संडास भारतीय पद्धतीचा असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, ती आणा. उकिडवं बसणं, मांडी घालून जेवायला बसणं, जिने सारखे चढणं-उतरणं, पाण्याची बादली उचलणं हे सगळं सर्जन हो म्हणेपर्यंत बंद. कमोडशेजारचा जेट जखमेवर मारायचा नाही, त्याचा जोर फार असतो. मगाने पाणी सोडायचं, पुढून मागे स्वच्छ करायचं आणि मऊ कापडाने टिपायचं, पुसायचं नाही. कुंथणं टाळायला पोट साफ राहायला हवं. भाकरी-भाजी, ताक, पपई, भरपूर पाणी आणि डॉक्टर म्हणाले तर इसबगोल. वेदनेच्या कडक गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, तेव्हा दोन दिवस वाट बघत बसू नका.

आईला मात्र आवरावं लागेल. हळद, खोबरेल, तुरटीचं पाणी, टबात डेटॉल, यातलं काहीच जखमेला नको. शेकायला गरम पाण्याची पिशवी तर बिलकूल नको. तिथली कातडी काही महिने बधिर असते, भाजलं तरी तिला कळणार नाही.

जखम घरच्यांना भीतीदायक दिसते. पिवळसर, तपकिरी किंवा थोडा रक्ताचा डाग असलेला स्राव अंगावरून जाणं, काही आठवडे हे चालतं. एक बाजू जास्त सुजलेली, टाक्यांचे दोरे गळून पडणं, लघवीची धार वाकडी जाणं, तेही. टाका थोडा उसवून तिथे पांढरट-पिवळा थर दिसला म्हणजे पू झाला असं नाही. तो खरवडायला जाऊ नका, कोणाला खरवडू देऊ नका. रोज एकाच उजेडात, एकाच कोनातून फोटो काढून क्लिनिकला पाठवा. शेवटचा आकार कळायला सहा महिने ते वर्ष लागतं, आरशात बघून रोज निकाल लावू नये.

पण काही गोष्टींत फोटो पाठवत बसायचं नाही. तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, लघवी सहा तास झालीच नाही, थंडी वाजून ताप आणि घाण वास, किंवा नव्या वाटेतून वारा अथवा शौच येतंय असं वाटलं, तर त्याच दिवशी रुग्णालय. शौचाचं तर लाजून लपवलं जातं. गुदाशयाला भोक पडलेलं असू शकतं, ते कळेपर्यंत डायलेशन थांबवायचं आणि सर्जनशी बोलायचं. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक धाप, छातीत कळ, थुंकीत रक्त असं झालं तर १०८ ला फोन. आपलं वाहन काढून डॉक्टर शोधत फिरू नका. घरी आल्यावरही गाठीचा धोका काही आठवडे असतो, म्हणून तिची काळजी घेणाऱ्या सगळ्यांनी हे वाचलेलं असावं.

हार्मोन्स कधी सुरू करायचे हे सर्जन आणि एंडोक्रिनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) सांगतील. वृषणं काढलेली असतील तर पूर्वीच्या टेस्टोस्टेरॉन दाबणाऱ्या गोळ्यांची, म्हणजे स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरोनची, सहसा गरज उरत नाही. घरात शिल्लक आहेत म्हणून सवयीने सुरू करू नयेत. इस्ट्रोजेन मात्र पुढे कायम लागतं, नाहीतर हाडं ठिसूळ होतात.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती रडेल. कारण विचाराल तर सांगता येणार नाही. थकवा, दुखणं, हार्मोन्स थांबलेले, परका देश आणि दिवसातून तीनदा तेच काम. त्याला लगेच पश्चात्तापाचं नाव देऊ नका, आणि "तुलाच हवं होतं ना?" हे वाक्य घरात कोणाच्याही तोंडून निघू देऊ नका. आठवड्याहून जास्त झोप-भूक उडालेली असेल, जगण्याबद्दल उदास बोलत असेल तर समुपदेशकाशी बोला. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो.

रजेचं म्हणाल तर बैठ्या नोकरीला सहा ते आठ आठवडे धरा, तेही शक्य असेल तर सुरुवातीला घरून काम. ऑफिसात दुपारच्या डायलेशनला जागा मिळत नाही, हा अडसर मुलींना फार उशिरा लक्षात येतो. दुचाकी आणि जड उचलणं सर्जन सांगतील तेव्हा, शरीरसंबंध साधारण तीन महिन्यांनंतर आणि तपासणी झाल्यावरच. कंपनीला द्यायच्या वैद्यकीय दाखल्यावर "पेल्विक सर्जरी" एवढंच लिहून द्यायला क्लिनिक सहसा तयार असतं, ते तिथेच मागून घ्या.